थ्री नॉट थ्रीचं काय करायचं?

माझे वडील पोलिसात हवालदार होते. मी शाळेत असताना त्यांची ड्युटी ट्रेझरी गार्डला लागली की दुपारचा डबा मी पोचवायचो. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात चार जण असायचे आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीशी, लाकडी चौकटीत, चार रायफली उभ्या असायच्या. वडील जेवायला बसले की मी त्या चौकटीसमोर जाऊन उभा राहायचो. तेल पिऊन काळपट झालेलं लाकूड, नळीच्या टोकाचं बसकं नाक, बोल्टच्या मुठीचा घासून गुळगुळीत झालेला गोळा. हात लावायची परवानगी कधीच मिळाली नाही. एकदा विचारलं, "बाबा, यातली तुमची कुठली?" त्यांनी हातातला घास थांबवला, बोट दाखवलं आणि म्हणाले, "सत्तेचाळीस. बट नंबर विसरला तर पोलीस कसला रे?" बट नंबर म्हणजे रायफलीच्या दस्त्यावर घातलेला तिचा क्रमांक.

ती .३०३ बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास .३०३ इंच असलेली, ली-एनफिल्ड होती. आपल्याकडे तिला कुणी ली-एनफिल्ड म्हणत नाही. ती थ्री नॉट थ्री. आता ती पोलीस दलांमधून हटत चालली आहे. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला शेवटचं मिरवलं आणि निरोप दिला. गंमत म्हणजे दोनच वर्षांनी, २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी, दिल्लीच्या राजपथावर जुन्या काळचे गणवेश घातलेल्या लष्करी तुकड्या चालल्या, तेव्हा त्यांतल्या काहींच्या खांद्यावर हीच रायफल होती. एकीकडे मोडीत, दुसरीकडे मानाच्या जागी. खात्यातून निघालेल्या या हजारो रायफलींचं नेमकं काय करायचं, याचा निर्णय मात्र कुणी चारचौघांत मांडून घेतलेला दिसत नाही. साधारण रिवाज असा की जुनी हत्यारं जमा करायची, निकामी करायची आणि वितळवायची. दुसऱ्या बाजूला हौशी लोकांची मागणी असते की परदेशात जशी लष्कराची जुनी हत्यारं विकतात तशी इथेही विकावीत. मला हे दोन्ही मार्ग चुकीचे वाटतात. का, ते सांगण्यापूर्वी ही रायफल माणसाला एवढी का धरून ठेवते ते नीट बघायला हवं, कारण ते बघितल्याशिवाय तिचं काय करायचं हे ठरत नाही.

जुनं ते सोनं, हे उत्तर आळशी आहे. जुन्या वस्तू ढिगाने आहेत, सगळ्यांसमोर आपण असे थांबत नाही. थ्री नॉट थ्रीसमोर माणूस थांबतो कारण तिचं काम डोळ्यांना दिसतं. नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा म्हणजे बोल्ट. त्याची मूठ वर, मागे, पुढे, खाली. एवढ्या चार हालचाली. मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढे ढकलली की मॅगझिनमधलं काडतूस वर येऊन नळीत जातं आणि स्प्रिंग आवळली जाते, मूठ खाली केली की कुलूप बसतं. शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत समजावं असं हे यंत्र आहे. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या कारागिराची ही रचना. त्याने बोल्टचे अडसर मागच्या बाजूला ठेवले, त्यामुळे मूठ थोडीशीच फिरवावी लागते आणि हात झपाट्याने चालतो. त्याच काळातल्या जर्मन माउझर किंवा रशियन मोसिन-नागांत रायफलीत पाच काडतुसं मावायची, हिच्यात दहा. पाच-पाचच्या दोन क्लिपा वरून अंगठ्याने दाबल्या की झालं. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश पायदळात मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या मारण्याची तयारी प्रत्येक शिपायाकडून करून घेत. वजन सुमारे ४ किलो. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ७४० मीटर.

आज आपल्या हातात असलेल्या बहुतेक यंत्रांचं पोट बंद असतं. बिघडलं की बदला. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग उघडून, चिंधीने पुसून, तेल लावून परत बसवता येतो त्याच्याशी माणसाचं नातं वेगळं जुळतं. बुलेट मोटारसायकलवर जीव टाकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि तो सांधा योगायोगाचाही नाही. रॉयल एनफिल्ड हे नाव लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यावरूनच आलं, कारण मूळ सायकल कंपनी त्या कारखान्याला सुटे भाग पुरवायची. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे तिचं ब्रीद होतं. पब्जी खेळणारी पोरं अत्याधुनिक हत्यारं समोर असताना 'कार नाइंटी-एट' ही जुनी बोल्टवाली रायफल उचलतात, त्यातही मला हेच दिसतं. एक गोळी, मग बोल्ट, मग पुन्हा नेम. त्या मधल्या क्षणात खेळणाऱ्याचं कसब लागतं.

तिच्याकडे ओढलं जाण्याचं दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. ही रायफल वाचता येते. कोलकात्याजवळ हुगळीकाठी इशापूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी रायफल कारखाना सुरू झाला. तिथे घडलेल्या जुन्या रायफलीच्या मुठीजवळ पाहा: मुकुट, खाली इंग्रज बादशहाची अक्षरं, मग इशापूर, मग साल. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर त्याच जागी मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. रायफल तीच, कारखाना तोच, कामगारही बरेचसे तेच असणार. सत्ता बदलली हे एका ठशात कळतं. काही नळ्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्यांच्या तोंडाला पेला बसवून ग्रेनेड फेकत, आणि त्या दणक्याने लाकूड फुटू नये म्हणून ती तार. दस्त्यात पितळी चकती, तिच्यावर पलटणीची खूण. जगभर हेच आहे. १९४८ साली नव्या इस्रायलने चेकोस्लोव्हाकियाकडून माउझर रायफली घेतल्या. त्यातल्या कित्येक नाझी जर्मनीसाठी घडलेल्या. त्यांच्यावर नाझींचा गरुड आणि ज्यूंचा सहा टोकांचा तारा शेजारी शेजारी उमटलेले सापडतात. इतिहासाच्या कुठल्या पुस्तकाला हे इतक्या थोड्या जागेत सांगता येईल?

इशापूरचा आणखी एक प्रकार मला फार बोलका वाटतो. पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी इथे थ्री नॉट थ्रीचीच रचना घेऊन .४१० बोअरची, आतून गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी 'मस्कट' बंदूक करत. दिसायला थेट तशीच, पण लष्करी काडतूस तिच्यात चालू नये आणि मारा दूरवर जाऊ नये, अशी केलेली. हिंदी शिपायाच्या हातात बंदूक द्यायची पण पुरती द्यायची नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं हत्यार देण्याचं जे धोरण होतं, ते त्या गुळगुळीत नळीत शेवटपर्यंत टिकून राहिलं. नागरिकांनाही लष्करी बोअर बंद होता. म्हणून .३१५ बोअरची रायफल निघाली आणि तीही पुढे इशापूरलाच, ली-एनफिल्डच्याच रचनेवर होऊ लागली. स्वतंत्र भारतातही .३०३ निषिद्ध बोअर राहिला, आणि .३१५ परवानाधारकांच्या घरात.

इथपर्यंत जे लिहिलं ते प्रेमाने लिहिलं. पण या रायफलीचे चाहते एक गोष्ट नेहमी सांगतात, ती मला पटत नाही. ते म्हणतात, बोल्ट-अ‍ॅक्शन हत्यार माणसाला विचार करायला लावतं. प्रत्येक गोळीसाठी हात हलवावा लागतो, म्हणून प्रत्येक गोळीमागे निर्णय असतो. ऐकायला छान वाटतं. मलाही बरीच वर्षं छान वाटायचं.

१३ एप्रिल १९१९. जालियनवाला बाग. पन्नास शिपाई रायफली घेऊन उभे. गुरखे आणि इतर पलटणींचे, म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या चालल्या त्यांच्याच मुलखातले किंवा शेजारचे. सुमारे दहा मिनिटं गोळीबार. १,६५० गोळ्या. भागाकार करून बघा, माणशी ३३ येतात. म्हणजे त्या दहा मिनिटांत प्रत्येकाने सरासरी तेहतीस वेळा मूठ वर, मागे, पुढे, खाली केली. मॅगझिन दहाचं, म्हणजे खिशातून क्लिपा काढून ते अनेकदा भरलं. तेहतीस वेळा थांबण्याची संधी होती आणि ती कुणी घेतली नाही. हुकूम सुटला की बोल्ट काही विचार करायला लावत नाही, उलट त्या लयीत हात चालत राहतो. हत्यारात सद्सद्विवेक नसतो. तो लाकडात नाही, पोलादात नाही, आणि चार हालचालींच्या मधल्या फटीतही नाही.

त्या १,६५० आकड्यामागे आणखी एक गोष्ट आहे. तो आपल्याला ठाऊक आहे, कारण गोळ्यांचा हिशेब ठेवला गेला होता. वडील सांगायचे, वर्षातून एकदा चांदमारीला जायचं, मोजून राऊंड मिळायचे, खांदा दोन दिवस ठणकायचा, आणि परत येताना रिकाम्या पुंगळ्या मोजून द्याव्या लागायच्या. एक कमी भरली तर गवतात गुडघे टेकून शोधायची. ती शिस्त साम्राज्याकडून आलेली. जालियनवाला बागेत किती गोळ्या उडाल्या ते गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरने आपल्या अहवालात नेमकं सांगितलं. किती माणसं मेली, याची सरकारी चौकशी कित्येक महिने रेंगाळली. अखेर आकडा आला ३७९, आणि तो कुणालाच पुरा वाटला नाही. काडतुसाची नोंद होती, माणसाची नव्हती.

ही रायफल फक्त अत्याचाऱ्याची होती, असंही म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांकडे इंग्रजांकडून हाती लागलेल्या याच रायफली होत्या. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत ती दोन्ही बाजूंना होती, कारण दोन्ही सैन्यं एकाच कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, वाटणी होऊन निघालेली. आणि १८ नोव्हेंबर १९६२, रेझांग ला. सोळा हजार फुटांवर मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची चार्ली कंपनी. समोर चिन्यांकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारं, आमच्याकडे बोल्ट ओढायच्या थ्री नॉट थ्री. सव्वाशेच्या आसपास जवानांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. पुढच्या फेब्रुवारीत बर्फात देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातात हत्यार तसंच होतं. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकते. पण त्या थंडीत हातमोजे काढून बोल्ट ओढत बसायची वेळ त्यांच्यावर आणली कुणी, हा प्रश्न त्यांच्या शौर्याखाली झाकून टाकू नये. १९६२ नंतर घाईघाईने बदल झाले. इशापूरला स्वयंभरण रायफलींचं काम वाढलं आणि जुन्या रचनेचीच, ७.६२ मिलिमीटर काडतुसाची '२ए' आवृत्तीही निघाली.

लष्कराने धडा घेतला. पोलिसांच्या बाबतीत तो घ्यायला आपण साडेचार दशकं लावली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन जण एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा तिथल्या पोलिसांकडे काही थ्री नॉट थ्री होत्या आणि बऱ्याच जणांकडे नुसत्या लाठ्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी लाठी हातात असताना समोरची एके-४७ छातीशी धरून ठेवली. जुन्या रायफलीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने, मीही त्यात आलो, आधी ही रात्र डोळ्यांसमोर आणावी. तिच्या अचूकपणाचं, दणकटपणाचं गुणगान करत तिला शिपायाच्या गळ्यात ठेवणं ही शिपायाशी प्रतारणा होती. वर्षाला मोजके राऊंड मारू देणारं खातं आणि शंभर वर्षांपूर्वीची रचना, या दोहोंच्या जोडीवर शहराचा पहारा चालला होता.

काही निवृत्त अधिकारी अजून म्हणतात की बंदोबस्ताला थ्री नॉट थ्रीच बरी, कारण तिच्यातून अंदाधुंद गोळीबार होत नाही. जालियनवाला बागेनंतर या युक्तिवादात दम उरत नाही, पण तांत्रिकदृष्ट्याही तो टिकत नाही. ही गोळी युद्धभूमीवर शेकडो मीटर पलीकडच्या माणसासाठी केलेली आहे. गल्लीत, पन्नास फुटांवर, ती एका देहातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. कोलकात्याजवळच्याच दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच बोअरची फुटणारी गोळी केली होती. इतकी भयंकर की १८९९ च्या हेग परिषदेत असल्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली. असं हत्यार आपल्याच नागरिकांच्या जमावासमोर सौम्य पर्याय म्हणून उभं करणं मला समजत नाही.

मग विकावी का हौशी लोकांना? परदेशात, विशेषतः अमेरिकेत, युद्धानंतरच्या काळात जुन्या लष्करी रायफली पोत्याने विकल्या गेल्या. जाड ग्रीसमध्ये माखलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, स्वस्त. लोकांनी त्या घासूनपुसून जपल्या, त्यांचे ठसे अभ्यासले, आणि त्या हौशीत खरं ज्ञान आहे हे मान्य करायला हवं. ठशांची, सालांची, कारखान्यांची बरीचशी बारीक माहिती आज टिकून आहे ती अशा संग्राहकांमुळे. पण त्याच बाजारातून एका माणसाने टपालाने १९.९५ डॉलरला, खोट्या नावाने, एक जुनी इटालियन कार्कानो रायफल मागवली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये त्या रायफलीने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला. १९६८ साली अमेरिकेने टपालाने बंदूकविक्री बंद केली. जुनी रायफल म्हणजे निरुपद्रवी रायफल, हा समज तिथेच संपायला हवा होता. तेल-पाणी केलेली बोल्ट-अ‍ॅक्शन शंभर वर्षांनीही मारते. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या रेंजर्सनी ली-एनफिल्ड सत्तर वर्षं वापरली, ती गोठत नाही म्हणूनच. आपल्याकडेही नक्षल्यांनी पोलिसांकडून हिसकावलेल्या थ्री नॉट थ्री वर्षानुवर्षं पोलिसांवरच चालवल्या. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात माणशी परवानगी तीनवरून दोन हत्यारांवर आली. ही कडक वाट मला योग्य वाटते. माझ्या हौसेसाठी ती सैल करावी, असं मला वाटत नाही.

तरीही सगळ्या वितळवून टाकू नका, असं माझं म्हणणं आहे. वितळवलेल्या पोलादाचे सळई-पत्रे होतील. त्याच्यावरचे मुकुट, सिंह, तांब्याची तार हे सगळं एका दुपारी नाहीसं होईल. एनसीसीमध्ये डीपी रायफल असते, ड्रिलपुरती, गोळी न उडणारी. ब्रिटनमध्ये निकामी केलेल्या बंदुकीला प्रूफ हाउस या बंदुका तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे नळी भोकं पाडून बंद करणं, बोल्टचं तोंड कापणं, सांधे वितळवून जोडणं, हे तंत्र काही नवीन नाही. अशा रीतीने कायमच्या निकामी केलेल्या दहा-वीस रायफली प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात राहाव्यात. कुठल्याही अशाच दहा-वीस उचलू नयेत. निवडून ठेवाव्यात: एक मुकुटाची, एक सिंहांची, एक तारेची, एक .४१० मस्कट. बाकीच्या खुशाल वितळवा.

आणि माझा खरा आग्रह रायफलीपेक्षा तिच्यासोबतच्या कागदासाठी आहे. प्रत्येक कोतात हत्यार देण्या-घेण्याची रजिस्टरं असतात. कुठल्या दिवशी, कुठल्या बंदोबस्ताला, कुठल्या बट नंबरची रायफल, किती राऊंड, कुणाच्या सहीने गेली आणि परत आली, हे त्यात लिहिलेलं असतं. दंगल, मोर्चा, निवडणूक, दरोडा, नदीच्या पुराचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा. एका जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा इतिहास त्यात तारीखवार बसलेला आहे. शिपायाच्या बाजूने तसा इतिहास दुसऱ्या कुठल्या दप्तरात मिळणार नाही. रायफल जमा झाली की रजिस्टर बंद होतं, मुदत संपते आणि ते रद्दीत जातं. काचेच्या कपाटात नुसती रायफल ठेवली तर येणारा तिच्या रूपावर भाळून फोटो काढेल आणि निघून जाईल. शेजारी उघडं रजिस्टर असेल तर तो थांबेल. कुठल्या दिवशी राऊंड दिल्यापेक्षा कमी परत आले ते बघेल. त्या दिवशी गावात काय झालं होतं ते कुणाला तरी विचारेल.

गोळ्यांचा हिशेब ठेवायला साम्राज्याने शिकवलं. त्याच हिशेबातून माणसांचा हिशेब आता आपल्याला मागता येईल, फक्त ती पानं शिल्लक राहायला हवीत. राज्य पुराभिलेखागाराने एक साधं पत्रक काढलं की हत्यार मोडीत काढताना त्याचं रजिस्टर आधी अभिलेखागाराकडे पाठवा, तरी पुष्कळ वाचेल. याला मोठा निधी लागत नाही. धूळ झटकायला दोन माणसं आणि ठेवायला कोरडी खोली लागते.

वडील जाऊन काही वर्षं झाली. सत्तेचाळीस नंबरची रायफल आज कुठल्या शेडमध्ये पडली आहे की भट्टीत गेली, मला माहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती कोतात जमा केली तेव्हा रजिस्टरमध्ये शेवटची सही केली असणार. ते अक्षर थोडं उजवीकडे झुकलेलं असायचं आणि 'ह. पाटील' लिहून खाली एक आडवी रेघ मारायची त्यांना सवय होती. मी ते पान शोधतो आहे.